सेनापतीची वाटचाल : लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात



मुलगा सैन्यात जातो म्हणाला की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला प्रश्न आईचा असतो आणि तो काळजीचा असतो. दुसरा वडिलांचा : अधिकारी झाला तर कुठपर्यंत जाईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पदांच्या उतरंडीतून देता येते. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल. कर्नलपदापासून निवड मंडळाची चाळणी लागते आणि ती प्रत्येक पायरीवर अधिकाधिक बारीक होत जाते. ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, त्यातून मोजके विभागीय सेनापती आणि शेवटी सेनादलाच्या शिखरावर एकच आसन. शंभर जण एका दिवशी खांद्यावर तारा लावून बाहेर पडतात, त्यांतील एखादाच त्या आसनाच्या आसपास पोहोचतो.

परंतु ही उतरंड पाठ केल्याने सेनापती म्हणजे काय हे कळत नाही. तो घडतो कसा, त्याची खरी परीक्षा कुठे होते, हे समजून घ्यायचे तर एखाद्या सेनापतीचे आयुष्य आरंभापासून अखेरपर्यंत डोळ्यांपुढे आणावे लागते. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे असे एक नाव आहे. कोल्हापूरच्या मातीतील हा माणूस पस्तीस वर्षे सैन्यात राहिला, शिखरापासून एका पायरीवर पोहोचला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्यांना सर्वोच्च पद मिळाले नाही. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, त्यांच्या वाटचालीतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आठ पलटणींची कुंपणे

शंकररावांचा जन्म १९०६ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. त्या काळी हिंदी तरुणाला बादशाही सनद मिळवून अधिकारी व्हायचे असेल, तर इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात जावे लागे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे हिंदी मुलांसाठी जागा ठेवण्यात आल्या, त्या वर्षाला अवघ्या दहा. सबंध हिंदुस्थानातून दहा. १९२६ मध्ये त्या दरवाजातून बाहेर पडलेल्या तरुणांत थोरात होते.

सनद मिळाली, पण सन्मान मिळाला नाही. ब्रिटिश राज्यकर्त्यांपुढे एक पेच उभा होता. हिंदी अधिकारी वाढले, तर उद्या एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याला काळ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करावे लागेल. यावर त्यांनी १९२३ मध्ये तोड काढली. सबंध सैन्यातील फक्त आठ पलटणी हिंदी अधिकाऱ्यांसाठी बाजूला काढायच्या आणि सर्वांना त्यांतच कोंबायचे. नाव दिले हिंदीकरण. प्रत्यक्षात ते कुंपण होते. या पलटणींत हिंदी अधिकाऱ्याला ती कामे मिळत, जी अन्य पलटणींत सुभेदार-जमादार करीत. गोऱ्या पलटणीतील त्याच्याच वयाचा अधिकारी कंपनीचे नेतृत्व करीत असताना, हा तीस-पस्तीस जवानांच्या प्लाटूनपुढे उभा असे.

थोरातांची पलटण, चौदाव्या पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण, या आठांपैकीच एक. एका पलटणीतून किती वेगवेगळ्या वाटा फुटाव्यात! आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी करणारे मोहनसिंग याच पलटणीचे. लाल किल्ल्यातील खटल्याने घराघरांत पोहोचलेले शाहनवाज खान याच पलटणीचे. पुढे पाकिस्तानचे सर्वेसर्वा झालेले अयुब खानही इथलेच. आणि स्वतंत्र भारताच्या ईशान्य सीमेची जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर आली, ते थोरातही इथलेच. फाळणीनंतर ती पलटण पाकिस्तानच्या वाट्याला गेली.

या कुंपणात थोरातांनी आणि त्यांच्या पिढीने काय केले? त्यांनी काम शिकून घेतले. कमी लेखले गेल्याचा राग मनात ठेवून कामात कुचराई करणे सोपे होते. पण आपण चुकलो, तर चूक एका थोरातांची ठरणार नाही, हिंदी माणूस नेतृत्वाला नालायक आहे याचा तो पुरावा ठरेल, हे ही माणसे ओळखून होती. पंधरा-अठरा वर्षे त्यांनी या जाणिवेने काढली.

कांगाव : उत्तर रणांगणावर

ही संधी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात आली. आराकानच्या किनाऱ्यावर कांगाव नावाचे गाव आहे. जपानी सैन्याचा माघारीचा रस्ता तेथून जात होता आणि तो तोडायचा होता. १९४५ च्या जानेवारीत तिथे कमांडो उतरविण्यात आले आणि पाठोपाठ ५१ वी हिंदी ब्रिगेड गेली. या ब्रिगेडचे वैशिष्ट्य असे की, तिच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व हिंदी अधिकारी करीत होते. बलुच पलटणीचे एल. पी. सेन, हैदराबाद पलटणीचे के. एस. थिमय्या आणि दुसऱ्या पंजाबच्या दुसऱ्या पलटणीचे शंकरराव थोरात. तिघेही लेफ्टनंट कर्नल. ही तीन नावे लक्षात ठेवावीत, कारण सतरा वर्षांनी हिमालयाच्या कथेत ती पुन्हा भेटणार आहेत.

कांगावच्या परिसरात मेलरोज या सांकेतिक नावाची टेकडी होती. जपानी तिथे खंदक खणून घट्ट बसले होते. आधीच्या चढाया पुऱ्या पडल्या नव्हत्या. २९ जानेवारी रोजी थोरातांच्या पलटणीने ती टेकडी घेतली. जपानी सैनिक खंदक सोडून पळणारा नव्हता. त्यामुळे टेकडी घेणे म्हणजे अखेरची काही पावले संगिनींनी लढणे, आणि त्या पावलांची किंमत पलटणीने आपल्या माणसांच्या रक्ताने मोजणे. सेन, थिमय्या आणि थोरात या तिघांनाही डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा युद्धनेतृत्वाचा बहुमान मिळाला. हिंदी अधिकारी पलटण चालवू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर तीन पलटणींनी एकाच लढाईत दिले होते. त्यानंतर तो प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला नाही.

कोरिया : शस्त्राविना धैर्य

स्वातंत्र्यानंतर जबाबदाऱ्या झपाट्याने वाढल्या. फाळणीने सैन्य दुभंगले होते, ब्रिगेड आणि डिव्हिजन चालविण्याचा अनुभव असलेले अधिकारी बोटांवर मोजण्याइतके होते. कालपर्यंत ज्यांना प्लाटूनपलीकडे जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्या पिढीवर सबंध सैन्य उभे करण्याचे काम येऊन पडले. थोरात मेजर जनरल झाले आणि १९५३ मध्ये त्यांच्याकडे एक असे काम आले, की ज्याला सैनिकी पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हते.

कोरियातील युद्ध थांबले होते. प्रश्न उरला होता युद्धकैद्यांचा. सुमारे बावीस हजार सहाशे चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी मायदेशी परतायला तयार नव्हते. दुसऱ्या बाजूलाही तीनशे एकोणसाठ जण होते, त्यांत तेवीस अमेरिकन. त्यांना कोणी तटस्थाने सांभाळायचे होते. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या झाले आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे सेनापती थोरात. पाच हजारांहून अधिक भारतीय जवान तिथे गेले. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी त्यांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्याचेही नाकारले. अखेर जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून या जवानांना थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. तिथे आपल्या लोकांनी तळ उभारला, त्याचे नाव हिंदनगर.

कैद्यांच्या छावण्या शांत नव्हत्या. आतमध्ये संघटित टोळ्या होत्या, परत जाऊ इच्छिणाऱ्यांचे खून पडत होते, काही प्रसंगी गोळीबारही करावा लागला. सप्टेंबर १९५३ च्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेले आणि ओलीस ठेवले. बाहेर सशस्त्र जवान उभे होते. एक आज्ञा पुरेशी होती. पण त्या आज्ञेने आधी ग्रेवालांचा जीव गेला असता, मग शेकडो कैदी मेले असते आणि भारताने स्वीकारलेली सगळी कामगिरी तिथेच मोडून पडली असती.

थोरात मोजक्या अधिकाऱ्यांसह निःशस्त्र आत गेले. भोवती खवळलेले कैदी दाटीने उभे. थोरातांनी या प्रसंगाच्या आठवणी पुढे लिहून ठेवल्या आहेत. आरडाओरडा चालू असताना त्यांनी कैद्यांना विचारले की, आमच्या देशात पाहुणा घरी आला तर त्याला निदान चहा तरी विचारतात, तुमच्याकडे तशी रीत नाही काय? आतिथ्याला चुकल्याचा ठपका कोणत्याही संस्कृतीतील माणसाला लागतो. वातावरण सैल झाले, चहा आला, बोलणे सुरू झाले आणि ग्रेवालांसह सर्वजण बाहेर आले. या धैर्यासाठी थोरातांना द्वितीय वर्गाचे अशोकचक्र मिळाले. त्यालाच आज कीर्तिचक्र म्हणतात.

मेलरोजची टेकडी आणि कोरियाची छावणी, हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. एका ठिकाणी संगीन लावून पुढे धावायचे होते, दुसऱ्या ठिकाणी बंदूक बाहेर ठेवून आत जायचे होते. कुठे काय करायचे, हे ज्याला त्या क्षणी कळते त्याच्या हाती सैन्य सुरक्षित असते. हे ज्ञान पदाबरोबर मिळत नाही.

लखनौचे टिपण

मे १९५७ मध्ये थिमय्या लष्करप्रमुख झाले आणि थोरातांकडे पूर्व विभागाचे सेनापतिपद आले. मुख्यालय तेव्हा लखनौला होते. नागा टेकड्यांतील बंडाळीमुळे विभाग आधीच गुंतलेला. त्यात १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामांनी तिबेट सोडले आणि ते तवांगच्या वाटेने भारतात आले. ऑगस्टमध्ये लोंगजू येथे चिनी सैन्याने आसाम रायफल्सच्या ठाण्यावर गोळीबार केला. ईशान्य सीमा, म्हणजे त्या वेळचा नेफा आणि आजचा अरुणाचल प्रदेश, सैन्याच्या हवाली झाली. हवाली झाली खरी, पण रक्षणाला माणसे कुठे होती, रस्ते कुठे होते? पंजाबच्या सपाट मैदानात लढण्यासाठी तयार झालेली चौथी डिव्हिजन आसामात हलविण्यात आली. डोंगरातील थंडीसाठी ना तिच्याकडे कपडे होते, ना खेचरे, ना रस्ते.

ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरातांनी या सीमेच्या संरक्षणाविषयी एक सविस्तर टिपण सेनामुख्यालयाला पाठविले. त्याचा गाभा साध्या शब्दांत सांगता येतो. मॅकमहोन रेषा ही आपली सीमा आहे, पण ती आपली लढण्याची जागा नव्हे. रेषेवर पुढे ठाणी असावीत, पण त्यांचे काम शत्रूची चाहूल देणे आणि त्याला काही काळ रोखणे एवढेच. खरी लढाई मागे, बोमडिलासारख्या ठिकाणी द्यावी, जिथपर्यंत आपला दारूगोळा, धान्य आणि तोफा पोहोचू शकतात. शत्रूला पर्वत उतरून खाली येऊ द्यावे. जसजसा तो खाली येईल तसतशी त्याची रसद लांबेल आणि आपली जवळ येईल. मग त्याच्यावर तुटून पडावे. यासाठी किती सैन्य, किती साहित्य, कोणते रस्ते लागतील, याचाही हिशेब त्या टिपणात होता. आणि हे मिळाले नाही तर काय घडेल, तेही स्पष्ट लिहिले होते.

थिमय्यांना हे विचार मान्य होते. टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे गेले. थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे की, मेनन यांनी ते धुडकावले. चीनचा प्रश्न आपण राजनैतिक मार्गाने हाताळू शकतो, असा त्यांना विश्वास होता आणि सेनापती विनाकारण घबराट पसरवीत आहे असे त्यांचे मत झाले.

थोरात थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेतला. नकाशावर, वाळूच्या आराखड्यावर शत्रूची चाल मांडायची, आपली चाल मांडायची आणि परिणाम पाहायचा, असा हा सराव. स्वतः थिमय्या आणि मुख्यालयातील वरिष्ठ अधिकारी त्याला उपस्थित होते. निष्कर्ष तोच निघाला. आहे त्या बळावर चिनी आक्रमण थोपविता येणार नाही.

जावळीचा धडा

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. बोमडिलापाशी लढायचे म्हणजे तवांग काही काळ शत्रूच्या हाती जाऊ द्यायचे. तिथे प्राचीन बौद्ध मठ आहे, आपली माणसे आहेत. देशाच्या भूमीचा तुकडा सोडून मागे लढा, हे कोणत्या सरकारला जनतेपुढे सांगता येईल? आक्षेप खरा आहे. थोरातांच्या योजनेला ही किंमत होती आणि ती किंमत मोजायची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार लोकनियुक्त सरकारचाच होता.

परंतु मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा शिवाजी महाराजांपुढे हेच संकट होते. तुळजापूर-पंढरपूरला उपसर्ग पोहोचविल्याचे बखरी सांगतात. हेतू हा, की महाराजांनी संतापून मोकळ्या मैदानात यावे. महाराज आले नाहीत. वेदना गिळली आणि खानाला जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याशी, आपल्या निवडीच्या जागी यायला लावले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. आणि शंभर वर्षांनी पानिपतावर काय झाले? पराक्रमात मराठे कुठेही कमी नव्हते. पण घरापासून शेकडो कोस दूर, रसद तोडलेली, उपासमार चाललेली, अशा स्थितीत १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडला. एकाच शतकाच्या दोन टोकांना आपल्याच इतिहासाने दोन्ही धडे लिहून ठेवले आहेत. लढाईची जागा आपण निवडली तर थोडे सैन्यही पुरते. ती शत्रूने निवडली, तर शौर्यही अपुरे पडते.

सरकारला तवांग सोडायचे नव्हते, तर त्यालाही मार्ग होता. पुढे लढण्यासाठी लागणारे रस्ते, तोफा, माणसे आणि कपडे द्यायला हवे होते. मागे लढण्याची योजना नाकारली आणि पुढे लढण्याचे साधन दिले नाही. उलट १९६१ च्या अखेरीस पुढे-पुढे लहान ठाणी उभारण्याचे धोरण स्वीकारले. चूक इथे झाली.

मे १९६१

या पार्श्वभूमीवर थिमय्यांच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. सेनामुख्यालय आणि संरक्षणमंत्री यांचे संबंध आधीच ताणलेले होते. १९५९ च्या ऑगस्टमध्ये थिमय्यांनी राजीनामा दिला होता आणि पंडित नेहरूंच्या आग्रहावरून परत घेतला होता. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेत मेनन यांच्या कारभारावर, विशेषतः सैन्यातील बढत्यांवर, कडाडून टीका केली. थिमय्यांनी आपल्या जागी थोरातांची शिफारस केली होती. सरकारने जनरल प्राणनाथ थापर यांची निवड केली.

इथेही न्यायाने बोलले पाहिजे. थापर हे सनदेच्या तारखेने थोरातांना काही महिने ज्येष्ठ होते. ज्येष्ठतेचा नियम लावला तर त्यांचा हक्क होताच. थापर यांनीही पुढे, सप्टेंबर १९६२ मध्ये, चिन्यांना हुसकावण्याचा आदेश तोंडी घेण्यास नकार देऊन तो लेखी मागितला, हे विसरता येत नाही. तेव्हा थोरातांवर अन्याय झाला तो पद न मिळाल्याचा, असे म्हणणे अपुरे आहे. लष्करप्रमुख कोण व्हावा हे शासनाने ठरवायचे असते आणि ते मान्य करणे हे सैनिकाचे कर्तव्य असते. थोरातांनी ते मान्य केले. मे १९६१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पस्तीस वर्षांची सेवा पुरी करून ते शांतपणे बाहेर पडले. मोठी हानी झाली ती वेगळीच. सीमेचा अभ्यास केलेला माणूस गेला आणि त्याच्याबरोबर त्याचे टिपणही कपाटात गेले. पूर्व विभागाचे नवे सेनापती झाले एल. पी. सेन. कांगावच्या तिघांपैकी दोघे निवृत्त झाले होते. तिसऱ्याच्या हाती आता तो मोर्चा होता, ज्याच्याविषयी दुसऱ्याने आधीच धोक्याची सूचना देऊन ठेवली होती.

नामका चू ते बोमडिला

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीच्या काठावर ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडवर चिनी सैन्य तुटून पडले. दरीच्या तळाशी आपले जवान, वरच्या कड्यांवर शत्रू. अंगावर हिवाळ्याचे पुरेसे कपडे नाहीत, हाताशी मोजका दारूगोळा. विमानातून टाकलेले सामान दऱ्यांत जाऊन पडत होते. तवांगहून तिथे पोहोचायलाच पायी कित्येक दिवस लागत. रसदीच्या आवाक्याबाहेर, शत्रूने निवडलेल्या जागी लढाई! काही तासांत ब्रिगेड उद्ध्वस्त झाली आणि दळवी कैद झाले. चारच दिवसांत तवांग गेले. नोव्हेंबरमध्ये सेला आणि बोमडिलाही गेले. जी जागा सर्व बळ एकवटून लढविण्याची म्हणून थोरातांनी सुचविली होती, तिथे लढायला तोवर धड सैन्यच उरले नव्हते.

देश सुन्न झाला. मेनन गेले, थापर यांनी राजीनामा दिला. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे ज्याचे वर्णन झाले, तो यशवंतराव चव्हाणांचा दिल्लीप्रवेश याच नोव्हेंबरातला. निवृत्त झालेल्या थिमय्या आणि थोरातांची सरकारला आठवण झाली. त्यांना राष्ट्रीय संरक्षण मंडळावर घेण्यात आले. थोरातांनी लिहिले आहे की, त्या दिवसांत पंतप्रधानांनी त्यांना भेटीस बोलाविले आणि त्या जुन्या टिपणाविषयी ऐकल्यावर, हे मला का दाखविले गेले नाही, असे विचारले. याचे उत्तर मेनन देऊ शकतील, असे थोरातांनी सांगितले. ही हकिकत एका बाजूची आहे. पण ती खरी मानली, तर तिच्यात सर्वांत वेदनादायक गोष्ट कोणती? सेनापतीने लिहिले, लष्करप्रमुखांनी मानले, युद्धसरावाने सिद्ध केले आणि तरीही तीन वर्षांत तो कागद राष्ट्राच्या प्रमुखापर्यंत पोहोचला नाही.

पराभवाची सैनिकी चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि प्रेमिंदरसिंग भगत या अधिकाऱ्यांनी १९६३ मध्ये पुरी केली. तो अहवाल सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने उघड केला, तेव्हा तो लोकांना वाचायला मिळाला.

मोजमाप कशाने करायचे?

पुढे देश शिकला, हेही सांगायला हवे. चव्हाणांच्या कारकिर्दीत डोंगरी डिव्हिजन उभ्या राहिल्या. १९६७ मध्ये नथू ला येथे आपल्या जवानांनी चिन्यांना चोख उत्तर दिले. १९८३ मध्ये अलिबागचे अरुणकुमार वैद्य आणि २०१९ च्या अखेरीस पुण्याचे मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले. महाराष्ट्राच्या सुपुत्रांनी शिखरही गाठले. मार्च २०२४ मध्ये सेला खिंडीखालचा बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि तवांगचा रस्ता बर्फातही चालू राहू लागला. तवांग मागे न सोडता लढायचे असेल तर काय लागते, याचे उत्तर त्या बोगद्यात आहे. ते मिळायला ऑक्टोबर १९५९ पासून चौसष्ट वर्षे लागली.

थोरात आपल्या कोल्हापूरला परतले आणि ऑगस्ट १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. मग त्यांच्या वाटचालीचे मोजमाप कशाने करायचे? शेवटच्या पदाने केले, तर ते एक पायरी कमी पडलेले अधिकारी ठरतात. परंतु सैन्यात वरिष्ठाला न आवडणारे सत्य लिहून, त्याखाली सही करून, योग्य मार्गाने वर पाठविणे ही फार अवघड गोष्ट असते. विशेषतः जेव्हा पुढची बढती त्याच वरिष्ठाच्या हाती असते. थोरातांनी ती सही केली. न ऐकले गेल्यावर वर्तमानपत्रांकडे धाव घेतली नाही, तर पुन्हा एकदा सराव घेऊन तेच सिद्ध करून दाखविले. आणि निर्णय विरुद्ध गेल्यावर शिस्त मोडली नाही. धैर्य, चिकाटी आणि शिस्त ही तिन्ही एका माणसात एकत्र असतील, तर तो सेनापती होतो, मग पाटीवर कोणतेही पद असो.

दुसरी बाजू आपली आहे. सेनापती खरे बोलला तर ते ऐकणारे कान राष्ट्राला हवेत. आपण सैनिकाचा सत्कार करतो, हुतात्म्याला मानवंदना देतो. ते योग्यच आहे. पण शांततेच्या काळात कोणी सेनाधिकारी रस्ते नाहीत, तोफा नाहीत, दारूगोळा पुरत नाही असे म्हणतो, तेव्हा त्याला घाबरट किंवा युद्धखोर म्हणण्याची घाई कोणीही करू नये, मग सत्तेवर कोणताही पक्ष असो. जाणत्या समाजाने अशा वेळी आपल्या लोकप्रतिनिधीला एक प्रश्न विचारावा : ते टिपण वाचले काय?

तेव्हा पुन्हा घरातल्या त्या प्रश्नाकडे. मुलगा कुठपर्यंत जाईल, असे वडील विचारतात. हे कोणी सांगू शकत नाही. निवड मंडळे असतात, ज्येष्ठता असते, नशीबही असते. पण खरे लिहून त्याखाली सही करण्याचे बळ त्याला घरातून आणि समाजातून मिळते. तेवढे त्याच्या शिदोरीत बांधून दिले, तर तो कोणत्या पायरीवर थांबला याची खंत करण्याचे कारण उरणार नाही.

जय हिंद!